मैदानाच्या मधोमध काय होतं?

वसंता,

तू गेलास तशी ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. तू असताना शेवटी शेवटी ज्यांच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता ते सगळे बोलायला लागले. "शाळेचा आधारस्तंभ हरपला." "एक पर्व संपलं." "वसंताशिवाय या ग्रुपची कल्पनाच करवत नाही." शाळेसाठी एका रविवारी सकाळी दोन तास या म्हणून तू महिनाभर विनवण्या केल्यास, तेव्हा यांच्यापैकी एकाने तरी 'जमत नाही' एवढं कळवायची तसदी घेतली होती का? अमेरिकेतल्या आपल्या एका वर्गबंधूने तर चित्रकलेचे मास्तर गेले तेव्हा लिहिलेला मजकूरच पुन्हा चिकटवला आहे. वरचं नाव तेवढं बदललं, पण खालचं 'सरांच्या चरणी विनम्र अभिवादन' तसंच राहिलं. तेव्हा तू आता सर झाला आहेस, तेही चित्रकलेचा. मला आठवतं तसं तुला साधा माठसुद्धा काढता येत नव्हता.

मी अजून काहीच लिहिलेलं नाही. लोकांना वाटतं, मला धक्का बसला आहे. बसला आहेच. पण खरं सांगायचं तर मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि ज्याच्यावर चिडायचं त्याच्या फोटोला हार घातलेला असला की माणसाने करायचं काय? तेराव्याला तुझ्या घरी येऊन जेवले. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. जो तो तुझ्या मोठ्या मनाबद्दल बोलत होता आणि मी मान हलवत होते. इतकी वर्षं वकिली केली, पण आपण खोटी साक्ष देतोय असं मला त्या पंगतीत पहिल्यांदा वाटलं. म्हणून हे ग्रुपवर न टाकता तुलाच लिहिते आहे. तू उत्तर देणार नाहीस. शेवटचे काही महिने तरी कुठे देत होतास?

शाळेत असताना आपण एकमेकांशी एक वाक्यसुद्धा बोललो नव्हतो, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. धारवाडच्या आपल्या त्या मराठी शाळेत मुलं-मुली एकाच वर्गात बसायची, पण बाकांच्या मधल्या वाटेपलीकडे बोलायची पद्धत नव्हती. मुलाला मुलीकडून काही हवं असलं तर तिने ती वस्तू मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची, जागेवर येऊन बसायचं, आणि मग त्याने उठून ती उचलायची. तुझी भूमितीची पेटी एकदा माझ्याकडे राहिली होती ती मी अशीच टेबलावरून परत केली होती. तू उचललीस आणि माझ्याकडे न बघता उघडून आतलं सगळं जागेवर आहे ना ते पाहिलंस. व्यापाऱ्याचा मुलगा.

शाळा संपली तसा तू मामाचं घर सोडून हुबळीला परत गेलास आणि दाजीबानपेठेत वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलास. मी कायदा शिकले आणि इथल्याच कोर्टात उभी राहिले. लग्न केलं नाही, आई होती, केलगेरीच्या बाजूला छोटंसं घर बांधलं. हुबळी-धारवाड अंतर ते काय, एक बस चुकली की मागून दुसरी येतेच. तरी तीस वर्षांत आपली गाठ पडली नाही. पडावी असं काही कारणही नव्हतं.

मग तुझ्या दुकानात हिशेबासाठी कॉम्प्युटर आला आणि तुझ्या डोक्यात किडा वळवळला. ई-मेलचा ग्रुप काढला की एकाने लिहिलेलं सगळ्यांना पोचतं, हे तुला कुणीतरी दाखवलं. त्या दिवसापासून तू शाळेतली माणसं गोळा करायला लागलास. लग्नात, मुंजीत, स्टेशनवर, जिथे कुणी भेटेल तिथे पत्ते विचारायचास. माझा नंबर कोर्टातल्या कुणाकडून तरी मिळवलास आणि फोन केलास. "मी वसंत, आपल्या वर्गात होतो," असं अहोजाहो सुरू केलंस. मीही "बोला" म्हणाले. दोन मिनिटं आपण विम्याच्या हप्त्याबद्दल बोलावं तसे बोललो, आणि मग तूच वैतागलास.

"शैला, आता मधे मास्तर नाहीत की ग. सरळ बोल."

पंचेचाळिशी उलटल्यावर मला माझ्या वर्गातला पहिला मित्र मिळाला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू लगेच डोक्यावर चढून बसला असतास.

काय दिवस होते ते. दर सोमवारी सकाळी तू एकच शब्द लिहायचास, 'हजेरी'. मग दिवसभर एकेकाची उत्तरं यायची. हजर, पुण्याहून. हजर, बेंगळूरहून, इथे पाणी नाही. हजर, मस्कतहून, आज ज्वारीची भाकरी मिळाली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यात मधेच कानडी, मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागायचा नाही. मी भाच्याच्या कॉम्प्युटरसमोर बसून मोठ्याने वाचायची आणि पलंगावरून आई हसायची. कुणी हजेरीला दोन सोमवार दिसला नाही तर तू फोन करायचास. तुझ्या फोनच्या बिलावरून वहिनी कटकट करायच्या आणि तू त्यांना सांगायचास, "अगं, हे काय परके आहेत?"

आईला शेवटी हुबळीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तू रोज डबा घेऊन आलास. आई कुणाच्या हातचं खात नव्हती. माझ्या तर नाहीच. तू तिच्याशी कानडीत भांडायचास, ती तुला 'ह्या पोराला अक्कल नाही' म्हणायची, आणि भांडता भांडता दोन घास पोटात जायचे. स्मशानातून परत आल्यावर तू दारात उभा राहून म्हणालास, "उद्या सोमवार आहे. हजेरी लावायची बरं का." लोकांना ते ऐकून विचित्र वाटलं असेल. मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी 'हजर' एवढंच लिहिलं आणि त्याखाली सगळ्या शाळेने आईबद्दल लिहिलं. तुझे उपकार माझ्यावर आहेत, वसंता. ते आहेत म्हणून तर राग इतका आहे. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून विसरले असते.

पहिला ग्रुप कसा मोडला ते तू कधी मनाआड केलं नाहीस. एकजण आत आला, आपल्याच शाळेचा म्हणून. कुठल्या तरी जुन्या वर्षाचं नाव सांगितलं, आठवणी सांगितल्या, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार झाले. आणि मग हळूच तो हुबळीबाहेरचे प्लॉट विकायला लागला. चौकशी केली तेव्हा कळलं, बुवाने शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. जे आठवणींत मान डोलवत होते तेच तुझ्यावर उलटले. 'कुणालाही आत घेतोस.' 'दुकान आहे का हे?' हा शेवटचा टोमणा तुला फार लागला. तू त्यांना उत्तर दिलं नाहीस. सोमवारची हजेरी घेणं बंद केलंस, आणि मग ग्रुप आपोआप थंड पडला. तीन-चार वर्षं तिथे कुणी फिरकलं नाही. मधे कधी मी विषय काढला की तू म्हणायचास, "बिडरी, सोड ते, वकीलबाई. झालं ते झालं."

मग शाळेकडून बातमी आली की मराठीचे वर्ग बंद करायचं चाललं आहे. मुलं कमी, मास्तर मिळत नाहीत, सगळ्यांना इंग्रजी हवं. शाळेचे चेअरमन म्हणाले, माजी विद्यार्थी मागे किती उभे राहतात ते दाखवा, मग बघू. त्या दिवशी तू दुकानातून मला फोन केलास. तुझा आवाज इतक्या दिवसांनी जागा झाला होता. "ग्रुप पुन्हा सुरू करायचा. पण या वेळी दार नीट लावून."

ते दार म्हणजे एक प्रश्न. ज्याला आत यायचंय त्याने उत्तर द्यायचं, तू ते वाचायचंस, आणि बरोबर असेल तरच आत घ्यायचंस. 'शाळेच्या मैदानाच्या मधोमध काय होतं?' मला तेव्हा ती कल्पना फार आवडली. आंब्याचं झाड! आपल्याला दुसरं काय आठवणार? वाऱ्याने पडलेली कैरी ज्याला सापडेल त्याने एकट्याने खायची नाही, असा शाळेचा कायदा होता. ती शिपायाकडे नेऊन द्यायची. मधल्या सुट्टीत तो फोडी करायचा, तिखट-मीठ लावायचा आणि जो समोर येईल त्याच्या हातावर ठेवायचा. तू कुणाचा, कुठल्या इयत्तेतला, कुठल्या गल्लीतला, हे तो विचारायचा नाही. त्या एका फोडीसाठी मुलं-मुली एकाच रांगेत उभी राहायची, आणि मास्तर तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायचे.

भराभर उत्तरं आली. आंबा, आंबा, आंबा. आपल्या आगेमागची सगळी वर्षं आत आली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली. सोमवारची हजेरी सुरू झाली. मला वाटलं, जमलं.

तो जानेवारीतला रविवार तुला विसरता आला नसेल. तू हॉलमध्ये भाड्याने खुर्च्या आणून मांडल्या होत्यास. मी म्हटलं, एवढ्या कशाला? तू म्हणालास, "उभं राहायला लागू नये कुणाला." ग्रुपवर शाळेच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येत होते ते पुण्यात, मुंबईत, अमेरिकेत बसून होते. आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, सगळ्यांचे केस पांढरे, त्यातल्या एकाला तर मुलाने हाताला धरून आणलं होतं. चेअरमन सभ्यपणे बोलले. "तुमच्या भावना कळतात. पण एवढ्याच माणसांसाठी आम्ही वर्ग चालवायचे का? मार्चपर्यंत आणखी कुणी असेल तर सांगा." ते गेल्यावर आपण दोघांनी खुर्च्या एकावर एक रचल्या. तू म्हणालास, "थंडी होती ना आज, म्हणून आले नाहीत." तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. घरी येताना बसमध्ये मी त्या सगळ्या डोळे भरून येणाऱ्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. माझे ओठ हलत असणार.

आता रेणुका. तू तिला पाहिलं नाहीस. आमच्या कोर्टात टायपिस्ट आहे. अळणावरजवळच्या खेड्यातली, घरचे शेतावर मजुरीला जाणारे. मावशीकडे राहून धारवाडात शिकली, आपल्याच शाळेत, आपल्यानंतर कितीतरी वर्षांनी. फेब्रुवारीत ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "अक्का, शाळा बंद करायलीत म्हणं. आमास्नी कुणी सांगितलंच नाही की हो."

मी म्हटलं, ग्रुपवर होतं सगळं. तू ग्रुपात का नाहीस?

"दोनदा इच्यारलं मी. नाही म्हणालं मशीन. आमच्या वर्गातल्या सगळ्यास्नी नाही म्हणालं. मैदानात मधे काय होतं म्हणून इच्यारतंय. आम्ही टाकी म्हणून लिहिलं. मग अजून काय होतं अक्का तिथं? पाण्याची टाकी, शिमिटची. आमचं सगळं तिच्याखालीच. डबा तिथंच, रडायचं तिथंच, आणि रिझल्ट बी तिथंच लावायचे."

मला हसावं की रडावं कळेना. आपण शाळा सोडल्यावर काही वर्षांनी ते झाड पडलं, आणि त्याच जागी टाकी बांधली. तिच्या पिढीला झाड माहीतच नाही. आणि वसंता, ती पिढी इथेच आहे. हुबळीच्या जुन्या गल्ल्यांत, धारवाडच्या दुकानांत, बँकांत, शाळांत. तिच्या वर्गातल्या काहींची मुलं त्याच मराठी वर्गांत बसतात. आपल्यासारख्यांनी आपली मुलं केव्हाच इंग्रजीत घातली. तुझी मेधाही तिथेच शिकली, माझा भाचाही. शाळेत मराठी टिकली ती या खेड्यातून आलेल्या पोरांमुळे, आणि नेमकी तीच बाहेर उभी होती.

मला वाटलं, तुझ्या ध्यानात आलं नसेल. सांगितलं की तू कपाळावर हात मारून घेशील. त्याच दुपारी हुबळीची बस पकडली.

तू एका शिंप्याला अस्तराचं कापड मोजून देत होतास. मला पाहून खूश झालास. "वकीलबाई, कोर्टाला सुट्टी काय?" मी शिंपी जाईपर्यंत थांबले.

"वसंता, टाकी लिहिणाऱ्यांना तू आत घेत नाहीस?"

तू मीटरपट्टी खाली ठेवलीस. आणि त्या क्षणी मला कळलं की तुला माहीत आहे. इतक्या वर्षांत मी हजारो चेहरे पिंजऱ्यात पाहिले आहेत.

"मी विचारलं, मधोमध काय होतं. झाड होतं. त्यांनी चुकीचं लिहिलं, मी काय करू?"

"झाड पडलं ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तू मामाकडे आला होतास, शाळेवरून गेलास आणि नंतर दुकान न उघडता घरी जाऊन झोपलास, हे तूच सांगितलं आहेस मला."

"म्हणून तर. ज्यांनी झाड बघितलं नाही ते काय राखणार? टाकी राखायला ग्रुप काढला का मी?"

"टाकीखाली बसलेली माणसं राखायला काढ की."

"सुम्मे, गप बस ग. त्या प्लॉटवाल्यावरून लोक मला काय काय बोलले ते तुला माहीत आहे."

"ती मुलगी माझ्यासमोर बसून टायपिंग करते. प्लॉट विकत नाही. प्रश्न बदल, वसंता. मार्च यायला अजून वेळ आहे. ही माणसं हॉल भरून टाकतील."

तू अस्तराचा गठ्ठा गुंडाळून फळीवर ठेवलास. मग खालच्या आवाजात म्हणालास, "एकीला घेतलं की तिच्यामागून शंभर येतील. मग ग्रुप त्यांचाच की. आपल्याला तिथं कोण ओळखणार?"

खरं काय ते एवढंच होतं. प्लॉटवाला नाही, झाड नाही. आयुष्यभर काउंटरच्या मागे बसलेल्या माणसाला एक जागा सापडली होती जिथे सगळे त्याला ओळखत होते, आणि ती त्याला सोडवत नव्हती. हे मला समजत नाही असं नाही. मलाही ती जागा तूच दिली होतीस. पण मी म्हटलं, "तुला शाळा नको आहे, वसंता. तुला आपली बॅच हवी आहे."

"असेल," तू म्हणालास. "चहा घे."

मी चहा न घेता उठले. त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. व्हावा असं कधी कधी वाटतं, कारण तीच आपली शेवटची भेट. पण नाही होत.

यानंतर तू जे केलंस ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. रेणुका आणि मी, आम्ही दोघींनी फोन करकरून तिच्या वेळची माणसं जमवली. मी चेअरमनना भेटले आणि सांगितलं, पुन्हा एकदा सभा घ्या, या वेळी खुर्च्या पुरायच्या नाहीत. ते म्हणाले, बघतो. आठवड्याने त्यांनी मला बोलावून घेतलं, एकटीला, आणि जरा ओशाळून सांगितलं, "बाई, माजी विद्यार्थ्यांचं सगळं वसंतरावच बघतात, म्हणून मी त्यांना विचारलं. ही नवी माणसं कोण म्हणून. ते म्हणाले, ही आमच्या ग्रुपमधली नाहीत, मी यांना ओळखत नाही."

सभा झाली नाही. जूनमध्ये वर्ग उघडले नाहीत. जी थोडी मुलं उरली होती त्यांना दाखले देऊन टाकले. बंद व्हायचे होते ते वर्ग तसेही झाले असते, असं मला कुणी कुणी समजावतं. चेअरमनना निमित्तच हवं होतं, असंही म्हणतात. असेल. पण निमित्त तू दिलंस. तू, ज्याने उभं राहायला लागू नये म्हणून खुर्च्या आणल्या होत्या.

मी सोमवारी हजर लिहायचं थांबवलं. तू 'हजेरी' लिहीतच राहिलास. पहिले काही सोमवार पाच-सहा जण उत्तर द्यायचे, मग दोघे, मग एक. दोन सोमवार कुणी दिसलं नाही की फोन करणारा तू, मला तुझा फोन आला नाही. रोज वाटायचं, आज येईल. तू नुसतं "वकीलबाई, तोंडातून निघून गेलं ग," एवढं म्हणाला असतास तरी मी भांडले असते, खूप बोलले असते, आणि मग पुढच्या सोमवारी हजर लिहिलं असतं. तुला ते माहीत होतं. मला खात्री आहे, फोन उचलून तू पुन्हा ठेवून दिला असशील. पण ही माझी समजूत झाली. तुझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणी नाही.

श्रावणात, भर दुपारी, दुकानात गादीवर बसल्या बसल्या तू गेलास. निरोप मेधाने दिला. मी आले तेव्हा तुला खाली घेतलं होतं. मी पायाशी उभी राहिले आणि इतक्या जणांत मला एकच सुचत होतं, की आता हा मला कधीच उत्तर देणार नाही. रडले. खूप रडले, वसंता. वहिनींनीच मला पाणी दिलं. ज्याच्यावर इतका राग आहे त्याच्यासाठी इतकं रडू कुठून येतं ते मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर मेधा म्हणाली, "मावशी, अप्पांचा ग्रुप तुम्ही घ्या. आम्हाला काही कळत नाही त्यातलं." तिने तिथल्या तिथे काहीतरी दाबून तो माझ्या नावावर करून दिला. ज्या गोष्टीसाठी मी तुझ्या दुकानात भांडले ती इतकी सोपी होती. मी त्याच दिवशी तो प्रश्न काढून टाकला. त्या जागी दुसरा घातला नाही. येतील ते येऊ देत, प्लॉटवाला आला तर मी बघून घेईन.

वाचवायला आता शाळा उरलेली नाही, हे मी रेणुकाला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे अक्का, माणसं हाईत की." तिच्यामागून तिचा वर्ग आला, मग त्यांच्या मागचे, त्यांच्याही मागचे. तू म्हणाला होतास तसे शंभरच असतील. टाकीबद्दल लिहितात. तिच्या सावलीत कोण कुणाशी भांडलं, कोण चढून बसला आणि उतरता येईना. अर्धं मराठी, अर्धं कानडी. तुझ्या तोंडचं वाक्य वाटावं अशी कितीतरी वाक्यं आहेत त्यात. आणि तुझी भीती खरी ठरली. तुला तिथे कुणीही ओळखत नाही. आपल्या वर्षांचे लोक श्रद्धांजली वाहून पुन्हा गप्प झाले आहेत.

काल रेणुकाने तुझ्याबद्दलचे ते सगळे मजकूर वाचून काढले. आधारस्तंभ, पर्व, सगळं. तिला ते खरे वाटले. खरेही आहेत, त्यातले काही. मग तिने सगळ्यांना लिहिलं. सरांना भेटायचं राहून गेलं याचं फार वाईट वाटतं, बिचारे इतक्या लवकर गेले. ते मशीन मधे नसतं आणि आमचा अर्ज सरांपर्यंत पोचला असता, तर त्यांनी आम्हाला नक्की ओळखलं असतं.

त्याखाली तिच्या वर्गातल्या एकेकाने 'खरं आहे' म्हणून लिहिलं आहे. मला खरं काय ते माहीत आहे आणि मी गप्प बसले आहे. तुला वाचवायला नव्हे, वसंता. आत येऊन तिला चार दिवस झाले नाहीत. तिला बाहेर कुणी उभं केलं होतं, हे तिला माझ्याकडून कळायला नको.

शैला